पाकीट, गिअर लॉक की ट्रॅकर? बेळगावच्या गाडीवाल्यासाठी

बेळगावातून निघालं की थोड्याच वेळात शिनोळीला महाराष्ट्र लागतो, चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा, आणि हायवेने कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की पुढे कोल्हापूर. लग्नकार्याला, बाजारहाटाला आपल्याला सोयीचं आहे तेवढंच हे चोरालाही सोयीचं. तक्रार लिहून होईपर्यंत गाडी दुसऱ्या राज्यात गेलेली असू शकते. म्हणून गाडी राखायला पैसे घालताना मी एकच बघतो: ही वस्तू गाडी जागची हलू देत नाही, की हलल्यावर कुठे गेली ते सांगते? या भागात हलू न देणारी वस्तू आधी घ्यावी.

त्याहीआधी हातातली चावी बघा. भोकात घालून फिरवायची चावी असेल, तर बऱ्याचदा तिच्या डोक्यात एक बारीक चिप असते. गाडीने ती ओळखली तरच इंजिन सुरू होतं; यालाच इमोबिलायझर म्हणतात. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीचं वेगळं. ती स्वतःच मंद रेडिओ हाक देते आणि मीटर-दीड मीटरच्या आत असलेली चावी तिला उत्तर देते.

बटणाच्या गाडीला पहिला धोका आहे तो ही हाक लांबवण्याचा. एकजण गाडीपाशी, दुसरा तुमच्या दाराशी. दोघांच्या हातातली यंत्रं हाक आणि उत्तर इकडून तिकडे पोचवतात, आणि चावी जवळच आहे असं गाडीला वाटतं. इथे चावीची नक्कल होतच नाही. खरी नक्कलही होऊ शकते: २०१८ साली बेल्जियममधल्या लवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी टेस्ला मॉडेल एसची चावी काही सेकंदांत नकलून दाखवली, कारण आतलं गुप्तलेखन जुनं, ४० बिटांचं होतं. फोक्सवॅगनसह अनेक कंपन्यांच्या गाड्यांच्या इमोबिलायझरमधल्या मेगामोस नावाच्या चिपवरचा एक शोधनिबंध तर लंडनच्या न्यायालयाने २०१३ मध्ये रोखला होता. तो प्रसिद्ध व्हायला २०१५ उजाडलं. कुलूप किती पक्कं हे कंपनी ठरवते, तुम्ही-आम्ही नाही.

मला जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या प्रकाराची. काच फोडायची, स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (मेकॅनिक गाडी तपासायचं यंत्र जोडतो ती खाच) यंत्र जोडायचं आणि कोरी चावी गाडीच्या मेमरीत नोंदवायची. चावी कोणत्याही प्रकारची असो, हे होऊ शकतं. अशीच यंत्रं प्रामाणिक चावीवालाही वापरतो, त्यामुळे ती बाजारातून हद्दपार होणार नाहीत.

आता निवड. रेडिओ लहरी अडवणारं चावीचं पाकीट काही शे रुपयांत मिळतं, पण ते फक्त बटणाच्या गाडीच्या कामाचं. फिरवायच्या चावीला पाकीट घेणं म्हणजे पैसे पाण्यात. बटणाची गाडी असली तर दोन्ही चाव्या पाकिटात हव्यात. कपाटातली जादा चावीही तितकीच उत्तर देते. पाकिटातली चावी खिशात ठेवून गाडीचं दार उघडून बघा. उघडलं तर पाकीट टाकून द्या. आतलं अस्तर वापराने फाटतं, म्हणून ही परीक्षा अधूनमधून करावी. काही गाड्यांत ही कीलेस, म्हणजे चावी न लावता गाडी उघडायची, सोय बंद करता येते. पाकीट घेण्याआधी गाडीचं पुस्तक चाळा, कदाचित खर्चच वाचेल.

गिअर लॉक, म्हणजे गिअर जखडणारं लोखंडी कुलूप, मात्र दोन्ही प्रकारच्या गाड्यांना. इलेक्ट्रॉनिक्स फसलं तरी लोखंड फसत नाही. इंजिन सुरू झालं तरी गिअर हलत नाही. स्टिअरिंगला लावायचा दांडा त्यापेक्षा स्वस्त, आणि काचेतून दिसतो हा त्याचा मोठा गुण, पण स्टिअरिंगची कडी कापून तो काढता येतो. शहापूर-वडगावच्या गल्लीत रात्रभर रस्त्यावर उभी राहणारी गाडी असेल तर मी दोन्ही लावीन. अडचण एवढीच की रोज लावायला हवं, आणि महिन्याभरात कंटाळा येतो. कंटाळा येणारच असेल तर निदान दांडा घ्या, तो डोळ्यासमोर असतो.

ओबीडी पोर्टला कुलूप बसवता येतं, तेही चांगलं. इंधन पंपाचा लपवलेला स्विच उत्तम चालतो, पण वायरिंग कच्चं झालं तर घाटात गाडी बंद पडेल आणि वॉरंटीही जाऊ शकते. तो जुन्या गाडीलाच, आणि ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडूनच.

गाडी कुठे आहे ते सांगणारा ट्रॅकर लोकांना फार आवडतो, मला कमी. ओबीडीला खोचायचा ट्रॅकर तर चोर आधी उपटेल. घ्यायचाच तर आत लपवून जोडलेला, स्वतःची बॅटरी असलेला घ्या. चोर्ला, आंबोलीच्या घाटात नेटवर्क जातं, आणि सिमचा रिचार्ज विसरला की सगळंच संपलं. ठिकाण दिसलं तरी मागे धावू नका. ११२ ला कळवा.

विमा गाडी वाचवत नाही, पैसे वाचवतो. थर्ड पार्टी विम्यात चोरी येत नाही. सर्वसमावेशक विम्यातही चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत साधारणतः गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या यादीतल्या किमतीच्या निम्मीच धरतात. नव्या गाडीला 'रिटर्न टू इन्व्हॉइस', म्हणजे गाडी गेली तर बिलावरची किंमत देणारं जादा कलम, जोडणं म्हणूनच परवडतं. दाव्याच्या वेळी विमा कंपनी सहसा दोन्ही मूळ चाव्या मागते. एक हरवली असेल तर ती सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या मेमरीतून काढून घ्या आणि त्याचा कागद जपून ठेवा.

गाडी गेलीच तर फास्टॅग लगेच बंद करू नका; चोराने तो काढला नसेल तर टोल कापल्याचा मेसेज तुम्हाला येईल. कोल्हापूरला दर्शनाला जाऊन तिथे गाडी गेली आणि कळलं बेळगावात, तरी १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. आपल्याकडे ती कन्नडमध्ये लिहिली जाते. ती वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे आणि प्रत मोफत मिळते. सही करण्याआधी चॅसिस आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून घ्या, कारण नंबर प्लेट बदललेली गाडी पलीकडच्या राज्यात सापडली तर ओळख पटणार ती त्यांच्यावरूनच.