उशिरा जागे झालेले दोन बाप

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या ग्रामीण भागात वाढलेल्या एस. ए. कॉस्बी यांचे नाव २०२० मधील ‘ब्लॅकटॉप वेस्टलँड’ या कादंबरीने सर्वदूर पोहोचवले, पुढच्याच वर्षी आलेल्या ‘रेझरब्लेड टिअर्स’मध्ये मात्र त्यांच्या लेखणीला खरी धार चढलेली दिसते. या कादंबरीतल्या दोन बापांपैकी आइक हा कृष्णवर्णीय आणि बडी ली हा गोरा. दोघेही तुरुंगवास भोगलेले. त्यांच्या मुलांनी एकमेकांशी विवाह केलेला असतो, आणि समलिंगी म्हणून आपण ज्यांना दूर लोटले त्या मुलांचा खून झाल्यावरच या बापांना पुत्रशोकाबरोबर पश्चात्तापही जाळू लागतो.

मुलांच्या कबरीवरील दगडाची विटंबना झाल्याचे कळते, तो प्रसंग मला कादंबरीचा गाभा वाटतो. तोवर सूडाला नकार देणारा, बागकामाचा व्यवसाय इमानाने उभा केलेला आइक तेथे मनातून ढळतो. जिवंतपणी मुलाच्या पाठीशी उभा न राहिलेला हा बाप आता त्याच्या नावासाठी हात रक्ताने माखायला निघतो, आणि त्याची ती असहायता वाचताना घशात आवंढा येतो. दोघे गाडीतून फिरताना वर्ण आणि पूर्वग्रह यांवर जे बोलतात, तेही तितकेच अस्सल उतरले आहे.

उत्तरार्धात हाणामारी अंमळ जास्त होते आणि आइकची पत्नी माया हिच्या दुःखाला पुरेशी जागा मिळत नाही, ही उणीव मला खरोखर खटकली. तरीही गुन्हेकथेच्या वाचकांनी कॉस्बी वाचायला याच पुस्तकापासून सुरुवात करावी.