कोल्हापूर की संभाजीनगर? पाच मित्र, तीन दिवस

पुण्याहून निघालं तर दोन्ही शहरं जवळपास सारख्याच अंतरावर. एक दक्षिणेला, दुसरं ईशान्येला, आणि दोन्ही सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरच्या आत. त्यामुळे ‘जवळ काय पडतं’ एवढ्यावर ग्रुपमधला वाद मिटत नाही. आमचाही मिटला नव्हता. शेवटी एका वर्षी कोल्हापूर केलं, पुढच्या वर्षी छत्रपती संभाजीनगर. तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, की आम्ही चार-पाच जण आहोत, तीन दिवस आहेत, कुठे जाऊ?

माझं उत्तर ठरलेलं आहे. कोल्हापुरात दोन खाण्यांच्या मधे बघणं आपोआप बसतं. संभाजीनगरात बघण्याच्या मधे जेवण बसवावं लागतं. तुमच्या टोळक्याला यातलं कुठलं झेपेल ते बघा. बाकीचे फरक त्याच्या मागोमाग येतात.

कोल्हापूरचा दिवस

पहाटे अंबाबाईचं दर्शन. उशीर केलात तर रांगेतच अर्धी सकाळ जाते. काळ्या दगडातल्या त्या देवळात भाविक नसलेल्यानेही खांब आणि बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम बघत तासभर काढावा. नोव्हेंबरात 9 ते 11 आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर 31 ते 2 या तारखांना मावळतीचे किरण थेट गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत जातात, तो किरणोत्सव. बघायचाच असेल तर गर्दी गृहीत धरून जा. नुसतं फिरायचं असेल तर हे दिवस टाळा.

मग मिसळ. फडतरे, बावडा, चोरगे ही नावं तुम्ही ऐकलेली असतील, आणि कुठली खरी यावर कोल्हापूरकराशी वाद घालायच्या भानगडीत पडू नका. दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. इथे मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो. आणि ‘कट’ मागितला की वाटीभर तर्रीदार रस्सा पुन्हा मिळतो. पुण्याची गोडसर मिसळ खाऊन वाढलेल्या आमच्यातल्या एकाने पहिल्या घासाला डोळे पुसले आणि दुसऱ्यांदा कट मागितला.

पोट भरलं की पन्हाळा, जेमतेम वीस किलोमीटर. गडावर गाव वसलेलं आहे, रस्ता थेट वर जातो, त्यामुळे ज्याचे गुडघे बोलतात त्यालाही मागे ठेवावं लागत नाही. 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले ते इथूनच, जुलैतल्या भर पावसाच्या रात्री. म्हणून मी म्हणेन, पन्हाळा पावसाळ्यात बघा. सज्जाकोठीवर उभं राहिलं की खालचं खोरं धुक्यात दिसेनासं होतं आणि त्या रात्रीची कल्पना करायला गाईड लागत नाही. अंबरखान्यातली धान्याची कोठारं बघा. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं आहेत त्यांना, आणि आत गेल्यावर वेढा महिनोन्महिने कसा सोसला असेल ते कळतं. तीन दरवाजाचं कोरीवकाम बघायला थांबा, सेल्फी काढून पुढे पळू नका. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात पन्हाळा आहे. गर्दी वाढायचीच. गडावर झुणका-भाकर, ठेचा आणि दही मिळतं. ते खाल्लं की दुपारच्या जेवणाचा प्रश्न मिटला.

संध्याकाळी खासबागेजवळ भेळ, मग रंकाळा. खासबाग मैदान शाहू महाराजांनी 1912 मध्ये पूर्ण करवून घेतलं. मधे खोलगट आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. कुस्त्या नसल्या तरी मातीचा तो आखाडा बघावा. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये आगीत जळालं. आम्ही गेलो होतो त्याच्या आधीच, तेव्हा बाहेरूनच बघून ‘पुढच्या वेळी नाटक बघू’ म्हणालो होतो.

रात्री मटणाचं ताट. भाकरी, सुकं, आणि दोन वाट्या. तांबडा तोंडाला जाळ लावतो आणि नारळाचं दूध, तीळ, खसखस घातलेला पांढरा तो शांत करतो. दोन्ही आलटून पालटून प्यायचे, भातावर ओतायची घाई करायची नाही. वाढपी ‘रस्सा घ्या की भावा’ म्हणत डोक्याशी उभा राहतो आणि नाही म्हणायची सोय ठेवत नाही. सोमवार, गुरुवार किंवा श्रावण बघून जा, नाहीतर तुमच्यातले दोघं वार पाळणारे निघतात आणि ताटाची मजा अर्ध्यावर येते.

गंगावेशीचा दूध कट्टा वेगळ्या दिवशी करा. म्हशी कट्ट्यावर आणलेल्या असतात, तुमच्यासमोर धार काढून फेसाळता ग्लास हातात मिळतो. मटण आणि दूध एका रात्रीत नको, असं आमच्या घरी आजी म्हणायची. शास्त्र काय ते ठाऊक नाही, पण आम्ही तिचं ऐकलं.

तिसरा दिवस रिकामा असेल तर खिद्रापूर. कोपेश्वराचा स्वर्गमंडप वरून गोल उघडा आहे, त्याखाली उभं राहिलं की डोक्यावर आभाळाची थाळी. येताना नरसोबाची वाडी, पेढे आणि कवठाची बर्फी. न्यू पॅलेसचं संग्रहालय मी वगळा म्हणणार नाही, पण तिथे शिकारीतली भुसा भरलेली जनावरं बघून आमच्यातले दोघं बाहेर जाऊन बसले, एवढं सांगून ठेवतो.

संभाजीनगरचा दिवस

इथे आधी कॅलेंडर काढा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. मला हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. मी विसरलो होतो. सोमवार-मंगळवार-बुधवार असा बेत मीच आखला आणि मंगळवारी सकाळी आठ वाजता आम्ही पाचही जण वेरूळच्या बंद फाटकासमोर उभे. त्या सकाळी मित्रांनी मला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण गाडी तशीच वळवली देवगिरीकडे, आणि ते बरंच झालं. यादवांची ही राजधानी. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी इथे चालून आला आणि 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवायचा घाट घातला. पन्हाळ्यावर इतिहास मनात उभा करावा लागतो, देवगिरीवर तो पायांना कळतो. कडे तासून उभे केलेले, त्याभोवती खंदक, आणि आत जायचा रस्ता म्हणजे अंधारी. डोंगराच्या पोटातून वळत जाणारा काळोखा बोगदा, वर वटवाघळं. मोबाइलचा उजेड पुरत नाही, बॅटरी न्या. पायऱ्या शेकड्यांनी आहेत, उन्हाळ्यात अकरानंतर चढू नका. आमच्यातले तिघंच वर पोचले. उरलेले दोघं चाँद मिनारच्या सावलीत बसून सीताफळं खात होते. हिवाळ्याच्या तोंडावर या भागात रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या लागतात, आणि त्या दोघांचं म्हणणं की दिवस त्यांचाच चांगला गेला.

वेरूळ दुसऱ्या दिवशी पाहिलं. एकूण 34 लेणी. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, उरलेली जैन. सगळी बघायचा हट्ट धरू नका. 10 क्रमांकाचं चैत्यगृह बघा, छताच्या दगडी फासळ्या लाकडाच्या वाटतात. जैनांतलं 32 वं बघा, तिथे गर्दी पोचत नाही. आणि कैलास, म्हणजे 16 वं, दुपारनंतर. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, ऊन तेव्हा आत येतं. सकाळी आधी कैलासात घुसतात आणि सावलीत फोटो काढून निघतात, ती चूक करू नका.

कैलासाबद्दल लिहायचं कसं? राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं काम. हे देऊळ बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली खोदत उरवलेलं आहे. कळस आधी, पाया नंतर. चुकलेला घाव भरून काढायला दुसरा दगड आणायची सोय नाही. दक्षिण बाजूला रावण कैलास हलवतोय, त्या शिल्पासमोर आमच्यातला सिव्हिल इंजिनियर वीस मिनिटं गप्प उभा होता. पंचवीस वर्षांच्या ओळखीत तो एवढा वेळ गप्प मी पाहिलेला नाही.

अजिंठा शहरापासून शंभरएक किलोमीटर. त्याला अख्खा दिवस द्यावा लागतो. गाडी फर्दापूर फाट्याला ठेवायची, पुढे तिथल्या बसने जायचं. शाळेच्या सहलीत पाहिलेलं पद्मपाणीचं चित्र अजून आठवतं, पण आम्हा पाच जणांच्या सहलीत मंगळवारच्या घोळामुळे नेमका अजिंठा राहिला.

मग खाणं कुठे? तोच तर मुद्दा आहे. लेण्यांजवळ जे मिळतं ते पोट भरण्यापुरतं. सकाळी शहरातून पोळीभाजी बांधून घ्या. खरं जेवण रात्री, जुन्या शहरात, आणि ते म्हणजे नान-खलिया. मोठ्या देगेत शिजलेला मटणाचा झणझणीत रस्सा आणि तंदुरातून काढलेला पिवळसर नान. तुघलकाच्या फौजेबरोबर हा पदार्थ इथे आला असं शहरात सांगतात. नान बोटांनी तोडून रश्शात पुरता भिजू द्यायचा, घाई करणाऱ्याला नुसती भाकरीसारखी चव लागते. तांबड्या रश्शाशी त्याची तुलना करू नका. हा संथ मसाल्याचा आहे आणि घशाला उशिरा कळतो. शाकाहाऱ्यांचीही आबाळ नाही. थाळ्या चांगल्या मिळतात, गुलमंडीला इमरती आहे, आणि शेवटी तारा पान.

बीबी का मकबरा रात्री दिव्यांत बघा. दिवसा ‘छोटा ताज’ म्हणत गेलात तर हिरमोड होतो, कारण संगमरवर खालच्या भागात आणि घुमटालाच, बाकी चुन्याचा गिलावा. औरंगजेबाच्या बेगमेची, दिलरास बानूची, ही कबर. ताजची आठवण बाजूला ठेवली तर इमारत देखणी आहे. पाणचक्की अर्ध्या तासात होते.

मग जायचं कुठे

ग्रुपमध्ये एक जण जरी दहाच्या आत उठत नसेल तर कोल्हापूर. वयस्कर कुणी असेल तरी कोल्हापूर. बायका-मुलं बरोबर असतील आणि चपला, साज, गूळ, भडंग अशी यादी घरून मिळाली असेल तर प्रश्नच नाही. कोल्हापूर शहर पायी आणि रिक्षाने होतं, गाडी पन्हाळ्यापुरती. फक्त पुण्याहून जाणाऱ्या महामार्गाचं काम बरीच वर्षं रेंगाळलंय, तेव्हा एखादा तास जास्तीचा धरा.

पहाटे सहाला निघायची तयारी असेल, चालायला पाय असतील आणि एका भिंतीसमोर अर्धा तास थांबायचा कंटाळा नसेल तर संभाजीनगर. तीन दिवसांसाठी गाडी ठरवूनच जा, कारण सगळं शहराबाहेर आहे. एप्रिल-मे दोन्हीकडे नको, संभाजीनगरला तर नकोच.

एका शहरात दोनच दिवस मिळणार असतील तर मी डोळे झाकून कोल्हापूर म्हणेन. दोन दिवसांत वेरूळ आणि अजिंठा कोंबले की दोन्हींतलं काही लक्षात राहत नाही.

आमचं यंदा पुन्हा संभाजीनगर ठरलंय, राहिलेल्या अजिंठ्यासाठी. बुधवारी पहाटे निघायचं, शुक्रवारी रात्री परत. बेत यावेळी त्या इंजिनियरने आखलाय, आणि कॅलेंडरला हात लावायची मला मनाई आहे.