ट्रॅक डेसाठी टायर : कंपनीचे, परफॉर्मन्सचे की सेमी-स्लिक?

ट्रॅक डे म्हणजे आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस. पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गाडी चालवत जायचं म्हणजे हजार-अकराशे किलोमीटर. तिथे दिवसभरात पंधरा-वीस मिनिटांची चार-पाच सेशन, आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच रस्ता परत. टायर घेताना आपल्या डोक्यात फक्त ती सेशन असतात. माझं म्हणणं, आधी परतीचा रस्ता धरा आणि मग टायर ठरवा.

तुलनेला हाताशी एक आकडा असतो : साइडवॉलवरचा ट्रेडवेअर. ही अमेरिकेतली पद्धत. १०० हा पाया, आकडा जितका कमी तितकं रबर मऊ आणि आयुष्य कमी, असा ढोबळ हिशेब. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एसचा ३००, योकोहामा अॅडव्हान निओव्हा एडी०८आरचा १८०, टोयो आर८८८आरचा १००. पण हा आकडा कंपनी स्वतःच देते. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे २०० एकसारखे असतील असं धरून चालू नका.

पहिल्या ट्रॅक डेला गाडीसोबत आलेलेच टायर ठेवावेत, असं मी ठामपणे सांगेन. फक्त ते फार जुने किंवा घासलेले नसावेत. हे टायर सुटायच्या, म्हणजे रस्त्यावरची पकड सोडायच्या, आधी ओरडतात. वळणात चीं-चीं वाढत जाते, स्टिअरिंग हलकं पडतं आणि तेवढ्यात पाय सैल करायला वेळ मिळतो. नवशिक्याला हा इशारा ग्रिपपेक्षा मोलाचा. उणीवही खरी आहे : तीन-चार जोरदार लॅपनंतर रबर तापून गुळगुळीत लागायला लागतं. तेव्हा एक लॅप हळू मारायची, टायर निवू द्यायचे.

हवेच्या बाबतीत माझी पहिलीच चूक झाली होती. ‘ट्रॅकवर हवा कमी ठेवायची’ एवढंच ऐकून मी थंड टायरमध्ये २८ पीएसआय ठेवली. सोबतच्या अनुभवी मित्राने शोल्डरपासून (टायरच्या वरच्या कडेपासून) साइडवॉलपर्यंत खडूच्या आडव्या रेघा मारल्या. सेशननंतर पाहिलं, तर पुढच्या डाव्या टायरवरच्या रेघा साइडवॉलच्या त्रिकोणी खुणेच्याही बोटभर खालपर्यंत पुसल्या गेलेल्या. म्हणजे टायर वळणात कडेवर लोळत होता. कडक साइडवॉलच्या ट्रॅक टायरचा सल्ला मी मऊ साइडवॉलच्या टायरला लावला होता. थोडी हवा वाढवली, पुढच्या सेशनला रेघा खुणेपाशी थांबल्या आणि गाडी वळणात सरळ उत्तर द्यायला लागली. टायरचं तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढलं की दाब साधारण दीड पीएसआय चढतो, म्हणून गेज जवळ हवंच. आणि थंड-गरम दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा.

दोन-तीन ट्रॅक डेनंतर, टायर जिथे थांबवतोय तिथे आपण खरंच पोचतोय असं वाटलं की चांगले परफॉर्मन्स टायर घ्या, साधारण ३०० ट्रेडवेअरच्या आसपासचे. रोजच्या गाडीला हाच माझा कौल. ब्रेकिंगमध्ये फरक लगेच कळतो, उष्णता जास्त सोसतात आणि परतीच्या वाटेवर हुबळीजवळ पाऊस लागला तरी खाचा पाणी बाहेर टाकतात.

२०० आणि त्याखालचे टायर म्हणजे वेगळाच खेळ. वळणातला वेग वाढतो, लॅप टाइम दिसेल इतका खाली येतो. पण सुटतात तेही त्या वाढलेल्या वेगातच, इशारा थोडका देऊन. ग्रिप वाढली की ब्रेकवरचा भार वाढतो, त्यामुळे पॅड आणि ब्रेक फ्लुइड बदलल्याशिवाय असे टायर टाकू नयेत. खाचा मुळातच उथळ. अर्धे घासले की साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगते. शिवाय छोट्या हॅचबॅकच्या साइजमध्ये ते सहज मिळत नाहीत. जून २०२०पासून मोटारींच्या नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आलं. कुठे पडून राहिलेला सेट स्वस्तात मिळाला, तर साइडवॉलवरचे चार अंक वाचा : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुनं होऊन कडक पडलेलं मऊ रबर कशाच्याच कामाचं नाही.

आर८८८आरसारखे सेमी-स्लिक, म्हणजे अगदी कमी खाचांचे, मुख्यतः ट्रॅकसाठीचे टायर घ्यायचेच असतील, तर रिम्सचा दुसरा सेट घ्या. हॅचबॅकची मागची सीट पाडली की चार चाकं मावतात. रस्त्याच्या टायरवर जायचं, पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत) चाकं बदलायची, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) नट आवळायचे आणि पहिल्या सेशननंतर पुन्हा तपासायचे. खर्च मोठा आहे, मात्र वर्षातून चार-पाच वेळा जाणाऱ्याला रस्त्याचे टायर वाचल्याचं समाधान मिळतं. वर्षातून एकदाच जात असाल, तर तेच पैसे जास्तीच्या ट्रॅक डेला आणि प्रशिक्षकाच्या फीला घाला.

टायर कुठलाही असो, परतीला निघण्याआधी स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली आणि बाहेरची कड हाताने चाचपा. फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीत बाहेरची कड आधी जाते. खाचांमधल्या १.६ मिलिमीटरच्या उंचवट्यापर्यंत रबर आलं असेल किंवा कडेला धागा दिसत असेल, तर तो टायर हायवेवर नेऊ नका. आणि स्टेपनी अरुंद आहे का, हे पुण्यातून निघायच्या आधीच बघून ठेवा; तसल्या स्टेपनीवर एवढा लांबचा परतीचा रस्ता कापता येत नाही.