‘श्यामची आई’ : एक पुस्तक, दोन चित्रपट आणि घरातल्या मुलांबरोबरचे काही महिने

हा अनुभव लिहायला बसण्याचे निमित्त सासूबाईंनी दिले. जेवणानंतर मुलांना वाचून दाखवण्याची पाळी त्या दिवशी त्यांची होती आणि त्यांनी ‘तेल आहे, तर मीठ नाही!’ ही रात्र (या पुस्तकातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे) वाचायची ठरवली होती. घरातल्या नव्या कोऱ्या, रंगीत चित्रांच्या ‘श्यामची आई’ची अनुक्रमणिका त्यांनी चष्मा लावून दोनदा वरपासून खालपर्यंत वाचली, पाने उलटून पाहिली आणि ही रात्र पुस्तकात नाहीच, असे सांगितले.

मग मी स्वतः मोजणी केली. साने गुरुजींच्या मूळ पुस्तकात ‘प्रारंभ’ वगळता ४२ रात्री आहेत, आणि आमच्या प्रतीत त्यांतल्या निम्म्याही नव्हत्या. संक्षिप्त आवृत्त्या असतात आणि त्यांना माझी हरकत नाही. दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या हातात एकदम जाड पुस्तक देऊ नये, हे मलाही पटते. पण या प्रतीच्या मुखपृष्ठावर, मलपृष्ठावर किंवा आतल्या शीर्षकपानावर ‘संक्षिप्त’ हा शब्द कोठेही छापलेला नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी की ‘रात्र अठरावी’, ‘रात्र पंचविसावी’ हे मूळचे क्रमांक काढून टाकून प्रकरणांना एक, दोन, तीन असे नवे क्रमांक दिले आहेत, त्यामुळे मधले काही गळले आहे, अशी शंकासुद्धा वाचणाऱ्याला येत नाही. घरात मूळ पुस्तक वाचलेली आजी नसती, तर आमच्या मुलांनी हेच पूर्ण पुस्तक समजून ते मिटून ठेवले असते.

काय गाळले, ते सविस्तर सांगते, कारण माझी सगळी तक्रार त्यातच आहे. ‘मुकी फुले’ ठेवले आहे, ‘पत्रावळ’ ठेवली आहे, ‘श्यामचे पोहणे’ आणि ‘अळणी भाजी’ ठेवली आहे. म्हणजे आई मुलाला काहीतरी शिकवते, मूल ते शिकते आणि गोष्ट संपते, अशी जी प्रकरणे आहेत ती सगळी राहिली. बत्तिसाव्या रात्रीपासून सदतिसाव्या रात्रीपर्यंतचा भाग मात्र सरसकट उडवला आहे. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘गरिबांचे मनोरथ’, ‘वित्तहीन जिणे’, ‘आईचे चिंतामय जीवन’, ‘तेल आहे, तर मीठ नाही!’ आणि ‘अब्रूचे धिंडवडे’ या त्या सहा रात्री. एके काळी खोतीचा मान असलेल्या घरावर कर्ज चढते, सावकाराचा माणूस दारात येऊन वाटेल ते बोलतो, शेवटी घरावर जप्ती येते, आणि हे सगळे सोसत असताना ही बाई आपल्या मुलांना वाढवत असते. हा भाग काढला की उरते ती केवळ चांगल्या सवयी सांगणारी आई. पहिल्या तीस रात्रींत ती जे बोलते, त्याची किंमत तिने कशी मोजली, हे या सहा रात्रींवाचून कळतच नाही.

‘देवाला सारी प्रिय’ ही पंचविसावी रात्रही गाळली आहे. म्हाताऱ्या महार बाईची खाली पडलेली लाकडांची मोळी उचलून तिच्या डोक्यावर द्यावी, म्हणून आई श्यामला पाठवते आणि मग घरी येऊन अंघोळ करायला सांगते, ती ही रात्र. जातीचा उल्लेख मुलांसमोर नको, असा विचार त्यामागे असावा. माझ्या मते नेमकी हीच रात्र मोठ्यांनी मुलांशेजारी बसून वाचायला हवी. पाचवीतल्या माझ्या मुलीने ती वाचल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा : आईला मदत करावीशी वाटत होती, तर मग अंघोळ कशाला? त्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हा मोठ्यांना बरेच बोलावे लागले आणि ते बोलणे आवश्यक होते. श्यामची आई तिच्या काळाच्या पुढे किती होती आणि त्या काळात किती अडकलेली होती, हे दोन्ही त्या एका अंघोळीत दिसते.

पुस्तक जिथून मागवले, त्या विक्रेत्याकडे परत करण्याचा अर्ज केला. पुस्तक फाटलेले नाही, पाने कोरी नाहीत, म्हणून ते परत घेता येणार नाही, असे उत्तर आले. पाने गाळलेली आहेत, असे लिहिले तेव्हा पृष्ठक्रमांक सलग असल्याचे छायाचित्र त्यांनी मला पाठवले. पृष्ठक्रमांक सलग आहेतच, तक्रार मजकुराची आहे, हे पुन्हा पुन्हा लिहूनही रोज वेगळा प्रतिनिधी तेच वाक्य पाठवत राहिला. दोन्ही अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवून काढलेले छायाचित्र पाठवल्यावर अखेरीस रक्कम परत मिळाली, टपालखर्च वजा करून. रक्कम लहान होती. पण गिऱ्हाइकाने ज्या नावावर विश्वासून पुस्तक घेतले, त्या नावाखाली दुसरेच काही विकले गेले, ही गोष्ट लहान नाही, आणि तो वजा केलेला टपालखर्च मला अजूनही मान्य नाही.

हे घडते कसे, ते समजून घेतले पाहिजे. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणीही छापू शकतो. त्याचा फायदाही झाला आहे. अगदी स्वस्त आणि तरीही पूर्ण अशा प्रती त्यामुळेच मिळतात. मात्र कोणी काय गाळले, हे पाहणारे आता कोणी नाही. ती जबाबदारी घेणाऱ्यावर येऊन पडली आहे, आणि घेणारा बहुतेक वेळा मुखपृष्ठावरचे चित्र व किंमत पाहूनच पुस्तक घेतो.

दुसरी प्रत मी पुण्यात अप्पा बळवंत चौकात प्रत्यक्ष जाऊन, दुकानातच अनुक्रमणिका मोजून घेतली. ती रंगीत आवृत्तीपेक्षा स्वस्त पडली. कागद साधा आहे, अक्षर थोडे बारीक आहे, चित्रे नाहीत. काही महिने रोज हाताळूनही बांधणी टिकून आहे. पाठीचा पुठ्ठा तेवढा वरच्या कोपऱ्यात उकलू लागला होता, तो डिंकाने चिकटवला. चित्रांवाचून मुलांचे अडले नाही. सोवळे, ओचा, द्रोण-पत्रावळ, गुरव, खोत हे शब्द मात्र अडले, आणि अशा शब्दांसाठी शेवटी दोन पानांची सूची दिली असती, तर ही प्रत मी डोळे मिटून सर्वांना घ्यायला सांगितली असती.

आता चित्रपटांविषयी. आधी पुस्तक आणि मगच चित्रपट, असा माझा नियम होता आणि सुरुवातीला मी तो काटेकोरपणे पाळला. माझी मुलगी त्या नियमाने व्यवस्थित वाचत गेली. सुट्टीत बेंगळुरूहून आलेला, दुसरीत शिकणारा भाचा मात्र मराठी बोलतो चांगले, पण वाचताना अक्षर अक्षर जुळवतो. त्याला ऐकण्यातही गोडी वाटेना. तेव्हा ‘श्यामचे पोहणे’ ही बारावी रात्र मोठ्याने वाचून झाल्यावर मी त्याला आचार्य अत्रे यांच्या १९५३च्या चित्रपटातला तेवढाच प्रसंग दाखवला. पोहायला घाबरून लपून बसलेला श्याम आणि त्याला शिंपटीने झोडपत विहिरीवर नेणारी आई. भाचा उठून पडद्याजवळ जाऊन उभा राहिला. संपल्यावर त्याने चित्रपट पुढे पाहू दे, असे म्हटले नाही; ‘मामी, ते पुस्तकात कसं लिहिलंय ते परत वाच ना,’ असे म्हणाला. तेव्हापासून माझे मत वेगळे आहे. नऊ-दहा वर्षांखालच्या मुलांसाठी एक रात्र वाचावी आणि लगेच त्या रात्रीचा प्रसंग चित्रपटात असेल तर तेवढाच दाखवावा. संपूर्ण चित्रपट सर्वांत शेवटी. मोठ्या मुलांसाठी जुना नियम ठीक आहे.

मार खाण्याच्या प्रसंगावरही बोलावे लागते. आई मारते, मागाहून जवळ घेते, का मारले ते सांगते, आणि पुस्तक हे सारे प्रेमाचेच रूप म्हणून मांडते. आजच्या मुलांना ते तसेच्या तसे पटत नाही आणि पटावे, असा आग्रह मी धरला नाही. प्रसंग न गाळता वाचला आणि त्यांना जे म्हणायचे होते ते म्हणू दिले.

१९५३च्या चित्रपटाचे मोठेपण आईच्या भूमिकेतल्या वनमालाबाई आणि श्याम झालेले माधव वझे यांच्यात आहे. १९५४ साली पहिल्यांदाच दिल्या गेलेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले, हे बहुतेकांना ठाऊक आहे. वसंत देसाई यांच्या संगीतातली ‘छडी लागे छम छम’ आणि आशा भोसले यांनी गायलेले ‘भरजरी गं पितांबर’ ही गाणी सासूबाईंना पाठ होती, ती आता मुलांनाही पाठ आहेत. आम्ही पाहिलेल्या प्रतीत आवाज कमी-जास्त होत होता आणि काही संवाद मागे जाऊन पुन्हा ऐकावे लागले. एवढ्या मोलाच्या चित्रपटाची स्वच्छ प्रत प्रत्येक घराला सहज मिळायला हवी.

सुजय डहाके यांचा २०२३चा ‘श्यामची आई’ही कृष्णधवल आहे. भाच्याने रंग का नाहीत, असे सुरुवातीला विचारले आणि थोड्या वेळाने तो प्रश्न विसरला. या चित्रपटाचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा उपयोग असा झाला की ओम भूतकर यांनी उभे केलेले मोठेपणीचे साने गुरुजी पाहिल्यावर मुलांना कळले की श्याम हा खरा मुलगा होता, तो मोठा होऊन स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला आणि त्याने १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले. पुस्तकात श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री गोष्ट सांगतो, त्यामुळे लेखक आणि श्याम एकच आहेत, हे लहान मुलांच्या ध्यानात येत नाही. ते कळल्यावर माझ्या मुलीने नकाशावर दापोलीजवळचे पालगड शोधले आणि पुस्तक पुन्हा पहिल्या रात्रीपासून सुरू केले. भाषेचा गोडवा आणि आईचा चेहरा यांसाठी जुना चित्रपट, आणि पुस्तक कोठून आले हे कळण्यासाठी नवा, अशी विभागणी आमच्या घरात आपोआप झाली. एकच पाहायचा असेल, तर जुना पाहावा.

याच धर्तीवर आम्ही आणखी दोन जोड्या वापरून पाहिल्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठव्या-नवव्या वर्षापासून बेधडक द्यावा. फुरसुंगीचा बनेश फेणे आजही मुलांना लगेच आपलासा वाटतो. २०१७चा आदित्य सरपोतदार यांचा चित्रपट मात्र त्याच मुलांना लगेच दाखवू नये. त्यात अमेय वाघ यांचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देण्याच्या वयाचा आहे आणि कथेत मृत्यू, धाकदपटशा व परीक्षेतला गैरव्यवहार आहे. चित्रपट चांगला आहे, पण तो बारा-तेरा वर्षांपुढच्या मुलांचा. रस्किन बाँड यांची निळ्या छत्रीची गोष्ट आणि विशाल भारद्वाज यांचा २००५चा ‘द ब्लू अंब्रेला’ ही जोडी त्याच्या नेमकी उलट, म्हणजे दोन्ही एकाच वयाला चालतात. पुस्तकातला दुकानदार राम भरोसा चित्रपटात पंकज कपूर यांचा नंदकिशोर खत्री होतो आणि चोरीचा भाग पुष्कळ बदलतो. दोन्हींत काय बदलले, याची यादी करण्यात मुले एक अख्खी दुपार रमली. मुलगी नववीत गेली की मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आणि तिच्यावरचा सुजय डहाके यांचाच चित्रपट द्यायचा, हे ठरवून ठेवले आहे. त्याआधी मात्र नाही.

पुस्तक भेट देणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे : दुकानात उभ्या उभ्या अनुक्रमणिका उघडा आणि शेवटचे प्रकरण ‘रात्र बेचाळिसावी’ आहे का, ते पाहा. ऑनलाइन घेत असाल आणि अनुक्रमणिकेचे छायाचित्र दिलेले नसेल, तर ते विक्रेत्याकडून मागून घ्या. मिळाले नाही तर ती प्रत घेऊ नका. आणि प्रकाशकांनी पुस्तक जरूर लहान करावे, मुलांसाठी सोपे करावे, चित्रे घालावीत, पण मुखपृष्ठावर पुस्तकाच्या नावाखाली ‘संक्षिप्त’ एवढे छापावे आणि प्रत्येक रात्रीला तिचा मूळ क्रमांक ठेवावा.