केमोपोर्टचे नऊ महिने, सावंतवाडी ते दादर

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर मला बारा केमो सांगितल्या, दर पंधरा दिवसांनी एक. त्यातलं एक औषध 46 तास थेंबथेंब जातं. हाताच्या शिरा ऑपरेशनच्या वेळीच संपल्या होत्या, म्हणून उजव्या कॉलरबोनखाली पोर्ट बसवला. दहा रुपयांच्या नाण्याएवढी डबी, वर सुई टोचायला सिलिकॉनचा पडदा, आणि हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाणारी नळी. सगळं कातडीखाली. शेजारच्या काकीने उंचवटा बघून विचारलं, "बटाण शिवल्यानी काय गो तुका?"

पहिला आठवडा मान वळवली की ओढ बसायची. टाके सुकल्यावर आंघोळ, स्वयंपाक, सगळं पूर्वीसारखं. पर्सचा पट्टा मात्र अजून डाव्याच खांद्यावर.

केमोचा त्रास व्हायचा तो झालाच (बर्फातले बांगडे हातात घेतले की बोटांना झिणझिण्या!), पण सुईची भीती गेली. तासभर आधी बधिर करणारं मलम लावायचं, टोचलेलं जेमतेम कळतं. दोनदा नळीतून रक्त मागे येईना. सिस्टरनी हात वर करायला लावला, खोकायला सांगितलं, मग आलं. रक्त आल्याशिवाय औषध सोडायचं नाही, हे मीही तेव्हाच शिकले.

खरी अडचण केमो संपल्यावर आली. आमच्या डॉक्टरांनी दर महिन्याला फ्लश, म्हणजे नळी तुंबू नये म्हणून ती सलाईनने धुणं, सांगितला आहे. त्या पाच मिनिटांसाठी तुतारी एक्सप्रेसने रात्रभर दादर गाठायचं? म्हणून जवळच्या एका दवाखान्यात गेले, तर तिथे साधी इंजेक्शनची सुई काढली. मी हातच धरला. साध्या सुईने पडद्याचा तुकडा निघतो, पोर्ट गळू शकतो. पोर्टसाठीच्या ह्युबर सुईचं टोक वेगळं असतं, ती पडद्याला नुसती चीर पाडते. आता दोन ह्युबर सुया आणि 10 मिलीच्या सिरिंज माझ्या पिशवीत असतात. लहान सिरिंजचा दाब जास्त, नळी फाटायची भीती. कुडाळला एक सिस्टर भेटली, तिला हे काम येतं. तेव्हापासून मुंबई फक्त तपासणीपुरती.

पोर्ट घ्यायचा तर गावाजवळ फ्लश कोण करेल ते आधी विचारून ठेवा, आणि पोर्टचं कार्ड जपा, सीटी स्कॅनवेळी मागतात. फ्लशनंतर थंडी वाजून ताप आला तर गोळी घेऊन पडून राहू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.