चौदाचा चिरा, मापाला तेरा

दापोलीकडे, घरामागच्या वाडीत पर्यटकांसाठी तीन खोल्या बांधायला काढल्या होत्या. दोन उभ्या राहिल्या. तिसरी खिडकीच्या उंचीला येऊन थांबली आणि पावसाळ्यात तिच्या भिंतींवर शेवाळ धरलं. चिरे, म्हणजे बांधकामाचे जांभ्या दगडाचे ठोकळे, पुरले नाहीत. खरं तर पुरू दिले नाहीत. कोणी बांधकाम काढणार असाल, तर आधी हे वाचा आणि मग खाणीवर जा.

खाणवाला ओळखीतलाच. पडवीत चहा पिता पिता त्याने जागेवर नजर टाकली आणि म्हणाला, "चार हजार धरून चाला." मी मान डोलावली. गाडीभाडं धरून ३८ रुपये नग. "शिमग्यानंतर भाव चढेल, लाखभर आत्ताच देऊन ठेवा." दिले, रोख, कागदाशिवाय. बायको म्हणत होती, आधी मिस्त्रींना हिशोब काढू दे. पण मृगाच्या आत छप्पर चढवायचं हेच डोक्यात. आपली ही घाई विकणाऱ्याला आपल्याआधी कळलेली असते.

हिशोब मी नंतर काढला. मशीनचा चिरा १४ बाय ९ बाय ७ इंच. नऊ इंची भिंतीत त्याची चौदा-सातची बाजू दिसते. सांधे धरून १०० चौरस फुटांना सव्वाशेच्या आसपास चिरे लागतात. दारं-खिडक्या वजा करून माझ्या भिंती १,६५० चौरस फूट. तुटफूट धरली तरी तेवीसशेत भागलं असतं. चार हजार हा आकडा भिंतींसाठी नव्हताच, तो माझ्याकडून लाख रुपये आगाऊ काढण्यासाठी होता.

गाड्या नेहमी तिन्हीसांजेला यायच्या. चिठ्ठीवर '३०० नग', खाली माझी सही. कडेने चिरे फाळक्याच्या वरपर्यंत रचलेले असायचे. मधे काय आहे ते मी वर चढून कधी पाहिलं नाही. सातवी गाडी उतरली त्याच्या दुसऱ्या दिवशी गवंडी म्हणाला, "भाऊ, ह्यो चिरा चौदाचा नाय. टेप आणा." टेप लावली. १३, साडेआठ, साडेसहा. दुसरा उचलला, तोच. चौदा साते अठ्ठ्याण्णव, आणि इथे तेरा गुणिले साडेसहा म्हणजे साडेचौऱ्याऐंशी. शंभरातले चौदा रुपये मापातच गेले. मग बांधलेले आणि ढिगातले सगळे मोजले, तुकडेसुद्धा. चिठ्ठ्यांवर २,१००, प्रत्यक्षात १,८२०. म्हणजे २८० चिरे आलेच नव्हते.

आठवी गाडी आली नाही. आधी "डिझेलचा घोळ", मग "गडी लग्नाला गेलेत", मग फोन बंद. त्याच्याच चिठ्ठ्या खऱ्या मानल्या तरी माझे २०,२०० रुपये त्याच्याकडे राहतात. शेवटी बाजारात गाठला. तक्रार करतो म्हटल्यावर हसला. "करा की. रॉयल्टीची पावती आहे का तुमच्याकडं?"

इथे माझं तोंड बंद झालं. चिरा हे गौण खनिज, आणि ते काढण्याबद्दल सरकारला भरायची रक्कम म्हणजे रॉयल्टी. गाडीबरोबर वाहतुकीचा पास लागतो. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली बेकायदा मालावर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. मी एकाही गाडीचा पास मागितला नव्हता. सात गाड्यांचा माल माझ्या अंगणात, आणि तो कुठून आला याचा एकही कागद नाही. तहसीलला जाऊन सांगणार काय?

आता पाऊस सरलाय, तिसऱ्या खोलीसाठी दुसऱ्या खाणीवरून माल आणतोय. माप, नग आणि तारीख एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या आहेत. आगाऊ काही नाही, गाडी उतरली की त्या गाडीचे पैसे. परवा पहिली गाडी सकाळी उजेडात आली. पास बघितला, फाळका उघडायच्या आत वरचे पाच चिरे मापले आणि उतरताना गवंड्याच्या पोराला खडू घेऊन दर दहाला रेघ मारायला बसवलं.

"एवढा अविश्वास, काका?" ड्रायव्हर म्हणाला.

त्याला चहा दिला. रेघा मोजल्या, २९६ भरले. चार चिरे चिठ्ठीतून कापले आणि मग सही केली.