दोन्हीकडे सीपी होतं, म्हणून मी पुढचे आकडे वाचलेच नाहीत

ट्रायम्फ टीआर ५, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, म्हणून मी जी गाडी घेतली, ती टीआर ५ नाही. ४४ हजार पौंड दिले. गेली अकरा वर्षं मी कॉव्हेन्ट्रीत राहतो. ज्या कॅन्ली भागात ट्रायम्फचा कारखाना होता, तो घरापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे. त्या गावात राहून हे झालं, म्हणून जास्त लागतं. इंग्लंडमध्ये जुनी गाडी घेऊ पाहणारे आपले बरेच लोक आहेत. त्यांच्यापैकी एकाचे जरी पैसे वाचले तरी हे लिहिण्याचं सार्थक होईल.

ट्रायम्फचा ओढा आमच्या घरातला. सांगलीला वडिलांकडे स्टँडर्ड हेरल्ड होती. इथली ट्रायम्फ हेरल्डच मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने आपल्याकडे बनवली. तिचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटायचं, आणि मला त्याखाली चाकावर बसायला मिळायचं. अण्णा गेल्यावर मनात आलं, एक चांगली ट्रायम्फ आपल्या दारात हवी.

टीआर ५ ही १९६७-६८ची. २४९८ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, लुकासचं पेट्रोल इंजेक्शन, १५० हॉर्सपॉवर. सगळ्या मिळून २,९४७ बनल्या. त्याच वेळी अमेरिकेसाठी तीच गाडी टीआर २५० या नावाने निघाली. तिकडे धुराचे नियम कडक झाले होते, म्हणून तिला इंजेक्शनऐवजी दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर, आणि स्टिअरिंग डावीकडे. त्या ८,४८४ बनल्या. बाहेरून दोघी सख्ख्या बहिणी, पण किमतीत मोठं अंतर. फसवणुकीला वाव मिळतो तो इथेच.

हे मला आधीपासून माहीत होतं. टीआर ५चा कमिशन नंबर, म्हणजे कारखान्याने गाडीला दिलेला नंबर, सीपीने सुरू होतो आणि टीआर २५०चा सीडीने, हेही माहीत होतं. बॉनेटखाली रिव्हेट मारलेली पट्टी असते, तिच्यावर तो नंबर असतो. विकणाऱ्याने स्वतःहून बॅटरी मारून पट्टी दाखवली. सीपी आणि पुढे चार आकडे. मग इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबर दाखवला. तिथेही सीपी. "दोन्हीकडे सीपी आहे बघा. इंजिनसुद्धा मूळचं इंजेक्शनचं," तो म्हणाला. व्ही५सी या नोंदणीच्या कागदावरही पट्टीवरचाच नंबर होता. मी समाधानाने मान हलवली.

ब्लॉकवर सीपीच्या पुढे पाच आकडे होते. मी ते पाहिले, फोटोही काढला, पण वाचले नाहीत. टीआर ५चे नंबर तीन हजारांच्या आसपास थांबतात. तिच्यामागून आलेल्या टीआर ६ने इंजेक्शनच्या गाड्यांसाठी तीच सीपी अक्षरं पुढे चालवली, पण आकडे २५ हजारांच्या वरचे. म्हणजे सीपी आणि पुढे पाच आकडे असलेलं इंजिन टीआर ६चं असतं. अक्षरांवरून एवढंच कळतं की ते इंजेक्शनच्या गाडीसाठी बनलं होतं. कोणत्या गाडीसाठी, ते आकडे सांगतात.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये ट्रायम्फच्या कारखान्याच्या मूळ नोंदी आहेत. तिथून दाखला मिळतो: गाडी कधी बनली, मूळ इंजिनाचा नंबर काय, रंग कोणता, कुठे पाठवली. मी तो विकणाऱ्याकडे मागितला होता. "अर्ज केलाय, पोस्टाने येईल, आला की तुम्हाला पाठवतो," असं उत्तर मिळालं. आणखी दोन जण गाडी बघायला येणार आहेत, हेही त्याने त्याच दमात सांगितलं. मी त्याच दुपारी बँकेतून पैसे पाठवले. बायको म्हणत होती, आठ दिवस थांब. थांबायला हवं होतं.

दाखला अर्थातच आला नाही. शेवटी मी स्वतः मागवला. त्या सीपी नंबरची गाडी वेजवूड निळी होती, आणि इंजिनाचा नंबर माझ्या ब्लॉकवरच्यापेक्षा पूर्ण वेगळा, चार आकडी. मग टीआर गाड्यांवरच आयुष्य घालवलेल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने रॅम्पवर घेण्याआधी डॅशबोर्ड सोडवला. गाडी कितीही वेळा रंगवली तरी डॅशबोर्डमागचा पत्रा सहसा कोणी रंगवत नाही. तिथे लाल रंग होता. निळ्याचा मागमूस नाही. डावीकडे, जिथे उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत काहीच बसलेलं नसतं, तिथे पेडलच्या ब्रॅकेटने वर्षानुवर्षं पत्र्यावर उमटवलेली चौकट होती. इंजेक्शनच्या गाडीत वापरून उरलेलं पेट्रोल टाकीत परत येतं, त्यासाठी टाकीला वेगळी नळी लागते. माझ्या टाकीला ती नंतर जोडलेली, वेल्डिंग ओबडधोबड. आणि नंबराची पट्टी काढल्यावर तिच्याखाली आणखी दोन भोकं निघाली, जुन्या पट्टीची. बॉडी नंबरची छोटी पट्टी तर नव्हतीच. मी गाडी बघायला गेलो तेव्हाही नव्हती, पण ती असते हेच मला ठाऊक नव्हतं.

मेकॅनिकच्या मते कुठल्यातरी गंजून संपलेल्या खऱ्या टीआर ५चे कागद आणि पट्टी वापरून अमेरिकेतून परत आणलेली टीआर २५० उभी केली आहे. स्टिअरिंग उजवीकडे घेतलं, इंजिन टीआर ६चं घातलं. स्टिअरिंग आणि इंजिन बदलणं उघडपणे करता येतं, नव्या पट्ट्यासुद्धा विकत मिळतात. गुन्हा आहे तो एका गाडीची ओळख दुसरीला लावून तिला टीआर ५ म्हणून विकण्यात.

विकणारा आता फोन घेत नाही. सौदा खाजगी होता, त्यामुळे दुकानदाराकडून घेताना जे संरक्षण मिळतं ते नाही. पण खोटं सांगून माल विकला असेल तर १९६७च्या मिसरिप्रेझेंटेशन कायद्याखाली दावा करता येतो, आणि जाहिरातीत "टीआर ५" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्या जाहिरातीची प्रत मी ठेवली होती, वकिलाचा सगळा भर तिच्यावर आहे. व्ही५सीचा उपयोग झाला नाही. तो कागद गाडी कोणाच्या नावावर नोंदलेली आहे तेवढंच सांगतो. उलट नोंदणीच रद्द होऊन, मूळ ओळख पटत नसलेल्या गाडीला देतात ती क्यू अक्षराची नंबरप्लेट लावावी लागेल, ही धास्ती आहे.

तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा पट्टीवरचा, ब्लॉकवरचा आणि बॉडीचा नंबर स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घ्या, एकेक आकडा. विकणाऱ्याला वाचून दाखवू देऊ नका. दाखला आधी मागवायला लावा आणि तो हातात येईपर्यंत एक पौंडही देऊ नका. घासलेला किंवा ताजा रंग मारलेला नंबर दिसला तर कारण विचारा. डॅशबोर्डमागे आरसा धरून बघायला तो नाही म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.

गाडी सध्या गॅरेजमध्ये आहे. तिचा खरा सीडी नंबर कळला तर ती कोणत्या महिन्यात कॅन्लीतून निघाली आणि अमेरिकेत कुठे उतरली हे गेडनला विचारता येईल. बॉडीची पट्टी गेली, मूळ इंजिन गेलं. मेकॅनिक आता गिअरबॉक्सवरची वंगणाची पुटं खरवडतोय, तिथे एखादा नंबर वाचता येतो का बघायला.